बाळाच्या फुप्फुसात जन्मजात सिस्ट: पहिल्या सोनोग्राफीपासून शस्त्रक्रियेनंतरच्या घरापर्यंत

गरोदरपणाच्या १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत 'बाळाच्या फुप्फुसात सीपॅमची', म्हणजे जन्मजात सिस्टची, 'शक्यता' असं लिहून आलं, की त्या रात्री घरात कोणी झोपत नाही. मोबाइलवर शोधायला गेलं की सगळ्यात वाईट गोष्टी सगळ्यात आधी समोर येतात. म्हणून आधी हे सांगतो: असं निदान झालेली बहुतेक बाळं जन्मल्यावर नेहमीसारखी रडतात, दूध पितात आणि आईजवळच राहतात.

या आजारात आई-बाबांच्या हातून दोन चुका होतात. सुरुवातीला घाबरून घाईने टोकाचे निर्णय घेतले जातात. नंतर बाळ गुटगुटीत दिसायला लागलं की तपासण्या अर्ध्यावर सुटतात. माझ्या मते दुसरी चूक जास्त महागात पडते. पुढचं सगळं त्या दोन्ही चुका टाळण्यासाठी लिहिलं आहे.

आधी आजार समजून घ्या

फुप्फुसांची पहिली कळी गर्भाच्या चौथ्या आठवड्यात फुटते आणि मग श्वासनलिकेला फांद्यांवर फांद्या फुटत जातात. या काळात एखाद्या भागातली वाढ बिघडते आणि तिथे नीट वायुकोश बनण्याऐवजी द्रवाने भरलेल्या पिशव्या, म्हणजे सिस्ट तयार होतात. हाच सीपॅम. जुन्या रिपोर्टांत याचंच नाव सीसीएएम असे होते, त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन नावं लिहिली म्हणून गोंधळू नका. चिन आणि टँग यांनी १९४९ मध्ये या विकृतीचं वर्णन केलं. १९७७ मध्ये स्टॉकर यांनी तिचे तीन प्रकार पाडले आणि पुढे ते पाच झाले. प्रकार १ मध्ये सिस्ट २ सेंटीमीटरहून मोठ्या असतात आणि तो सर्वांत जास्त आढळतो. प्रकार २ मध्ये त्या बारीक असतात आणि कधी कधी किडनी किंवा हृदयाचे दोषही सोबत असतात. प्रकार ३ जवळजवळ भरीव दिसतो. प्रकार ० अत्यंत दुर्मिळ आहे आणि त्यात बाळ जगत नाही. प्रकार ४ बद्दल पुढे बोलू, कारण त्याचा संबंध एका गाठीशी येतो.

गरोदरपणात काय खाल्लं, किती काम केलं, कुठे प्रवास केला, यातल्या कशामुळेही हे होत नाही. घरातल्या कोणी आईला बोल लावत असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

सीपॅमसारख्याच दिसणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली सिक्वेस्ट्रेशन. यात फुप्फुसाचा एक तुकडा श्वासनलिकेला जोडलेलाच नसतो आणि त्याला रक्त थेट महाधमनीच्या फांदीतून मिळतं. हा तुकडा बहुधा डाव्या बाजूला खाली असतो. दुसरी जन्मजात लोबर एम्फिसीमा. यात फुप्फुसाचा एक खंड हवेने फुगत जातो, पण हवा बाहेर पडत नाही. डावा वरचा खंड यात सर्वाधिक सापडतो. तिसरी ब्रॉन्कोजेनिक सिस्ट, जी बहुधा छातीच्या मध्यभागी श्वासनलिकेजवळ असते. सीपॅम आणि सिक्वेस्ट्रेशन एकाच बाळात मिसळलेले असणंही नवीन नाही. त्याला 'हायब्रिड' म्हणतात.

पायरी १: रिपोर्ट घेऊन बसा आणि हे प्रश्न विचारा

नुसतं 'सिस्ट आहे' एवढ्यावर परत येऊ नका. गर्भतज्ज्ञांकडून पुढच्या गोष्टी समजून घ्या आणि एका वहीत लिहून ठेवा.

- कोणत्या बाजूला आणि साधारण कोणत्या खंडात आहे?
- सिस्ट ५ मिलीमीटरपेक्षा मोठ्या आहेत की लहान? पुढची उपचारांची वाट यावर ठरते.
- डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, महाधमनीतून येणारी वेगळी रक्तवाहिनी दिसते का?
- हृदय एका बाजूला ढकललं गेलं आहे का?
- पोट, छाती किंवा त्वचेखाली पाणी साठलं आहे का? गर्भजल जास्त आहे का?
- श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, छिद्र नाही ना? म्हणजेच बाळाचं जठर पोटातच आहे ना?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. श्वासपटलाच्या हर्नियात आतडी छातीत सरकतात आणि सोनोग्राफीत ती सिस्टसारखी दिसू शकतात. दोन्हींचे उपचार आणि भवितव्य पूर्णपणे वेगळं असतं. शंका असेल तर गर्भाचा एमआरआय उपयोगी पडतो. हृदय तपासण्यासाठी फीटल इको करतात. इतर कुठलाही दोष नसेल तर गुणसूत्रांच्या आजाराची शक्यता फारशी वाढत नाही. पण दुसरा काही दोष सापडला तर गर्भजलाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पायरी २: सीव्हीआर म्हणजे काय ते समजून घ्या

गाठ, म्हणजे सिस्ट असलेला सगळा भाग, बाळाच्या डोक्याच्या तुलनेत किती मोठी आहे ते सांगणारा हा आकडा डॉक्टर बोलता बोलता सांगून जातात, पण पुढचे काही आठवडे सगळं त्याभोवती फिरतं. गाठीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा, त्याला ०.५२ ने गुणायचं आणि बाळाच्या डोक्याच्या घेराने भागायचं. समजा गाठ ४ बाय ३.५ बाय ३ सेंटीमीटर आहे आणि डोक्याचा घेर २० सेंटीमीटर. गाठीचं घनफळ साधारण २१.८ होतं आणि सीव्हीआर येतो १.०९. दुसरी गाठ ५ बाय ४ बाय ४ आणि घेर २१ असेल तर आकडा १.९८ होतो.

१.६ ही धोक्याची रेषा मानतात. तिच्या वर बाळाला हायड्रॉप्स, म्हणजे शरीरभर पाणी साठण्याचा धोका बराच वाढतो. १.६ च्या खाली, आणि एखादी फार मोठी सिस्ट नसेल, तर हा धोका कमी असतो. मोठी सिस्ट मात्र अचानक भरू शकते, म्हणून आकडा लहान असला तरी तिच्याकडे दुर्लक्ष करत नाहीत.

ही गाठ साधारण २० ते २६ आठवड्यांच्या दरम्यान झपाट्याने वाढते, मग स्थिरावते आणि पुढे छातीच्या तुलनेत लहान होत जाते. त्यामुळे या काळात सोनोग्राफी जास्त वेळा करतात. धोका जास्त असेल तर आठवड्यातून एकदा किंवा दोनदाही करतात. २८ आठवड्यांपर्यंत पाणी साठलं नाही, तर नंतर ते साठण्याची शक्यता बरीच कमी असते. पहिले काही आठवडे सोनोग्राफीची एकही तारीख चुकवू नका.

पायरी ३: पाणी साठलं तर

हायड्रॉप्स हा या आजारातला खरा आणीबाणीचा प्रसंग आहे. गाठ हृदय आणि मोठ्या शिरा दाबते, रक्त परत येण्यात अडथळा होतो आणि बाळ सुजायला लागतं. उपचारांशिवाय अशी बाळं बहुधा वाचत नाहीत. म्हणून गर्भावर उपचार करणाऱ्या केंद्राशी संपर्क त्याच दिवशी साधायला हवा.

गाठ बारीक सिस्टची, भरीव दिसणारी असेल तर आईला बीटामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, बहुधा २४ तासांच्या अंतराने दोन. अनेक गाठींची वाढ यानंतर थांबते आणि पाणी उतरतं. मोठ्या सिस्टमध्ये मात्र या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे सुईने सिस्टमधलं पाणी काढतात, आणि ते पुन्हा भरलं तर सिस्ट आणि गर्भजलाची पिशवी यांच्यामध्ये एक बारीक नळी बसवतात, म्हणजे पाणी गर्भजलात उतरत राहतं. गर्भाशय उघडून शस्त्रक्रिया करणारी केंद्रं जगात मोजकीच आहेत, आणि तो पर्याय ३२ आठवड्यांच्या आधी, बाकी सगळं करून झाल्यावरच येतो. दिवस भरत आले असतील तर लवकर प्रसूती करणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं.

आईचीही काळजी घ्यावी लागते. बाळाला हायड्रॉप्स असताना कधी कधी आईलाही सूज येते आणि रक्तदाब वाढतो. याला मिरर सिंड्रोम म्हणतात. चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी किंवा अचानक वाढलेलं वजन दिसलं तर वाट पाहू नका.

पायरी ४: 'गाठ विरघळली' असं सांगितलं तर

३२ ते ३४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत अनेक घरांना आनंदाची बातमी मिळते: 'आता काही दिसत नाही.' आनंद करा, कारण छातीवरचा दाब कमी झाला, ही खरंच चांगली खूण आहे. पण तपासणी बंद करू नका. तिसऱ्या तिमाहीत आजूबाजूचं निरोगी फुप्फुसही सोनोग्राफीत उजळ दिसू लागतं आणि गाठ त्यात मिसळून जाते. जन्मानंतर सीटी स्कॅन केल्यावर ती बहुधा तिथेच सापडते.

हेच पुढे एक्स-रेबाबतही होतं. जन्मलेल्या बाळाचा एक्स-रे साफ असू शकतो, बाळ धडधाकट असू शकतं, आणि फुप्फुसात सिस्ट तरीही असू शकते. पहिल्या सोनोग्राफीचे कागद आणि चित्रं जपून ठेवा. जन्मानंतरच्या डॉक्टरांना ती हमखास लागतात.

पायरी ५: प्रसूती कुठे आणि कशी

गाठ लहान असेल, हृदय जागेवर असेल आणि सीव्हीआर १ च्या बराच खाली असेल, तर नवजात शिशुतज्ज्ञ हजर असलेल्या चांगल्या प्रसूतिगृहात प्रसूती करता येते. गाठ मोठी राहिली असेल तर नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक एकाच ठिकाणी असलेलं रुग्णालय निवडा. जन्मलेल्या बाळाला श्वास लागत असताना गाडीत घालून दुसरीकडे नेणं टाळता येतं, आणि ते टाळलंच पाहिजे. केवळ या कारणासाठी सिझेरियन लागत नाही.

जन्मल्यावर बाळाचा श्वास मोजा. मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डे पडणं, नाकपुड्या फुलणं, कण्हणं, ओठ निळे पडणं, दूध पिताना थकून घाम येणं, यातलं काहीही दिसलं तर बाळाला लगेच तज्ज्ञांच्या हाती द्या.

इथे एक वैद्यकीय धोका आई-बाबांनीही लक्षात ठेवावा. हवेने भरलेली मोठी सिस्ट किंवा फुगलेला खंड एक्स-रेवर न्यूमोथोरॅक्ससारखा, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठल्यासारखा दिसू शकतो. गैरसमजाने तिथे नळी घातली गेली तर नुकसान होतं. म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलात तर 'गर्भातच फुप्फुसातली सिस्ट दिसली होती' हे सर्वांत आधी सांगा.

पायरी ६: सीटी स्कॅन

बाळाला त्रास असेल तर सीटी लगेच होतो. त्रास नसेल तर बहुतेक केंद्रं पहिल्या काही महिन्यांत, बऱ्याचदा ३ ते ६ महिन्यांच्या वयात, शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी करतात. रंगद्रव्यामुळे महाधमनीतून येणारी वाहिनी दिसते, आणि शल्यचिकित्सकाला ती आधी माहीत असणं अत्यावश्यक असतं. ती अचानक तुटली तर पोटाच्या बाजूला मागे सरकते आणि थोड्या वेळात खूप रक्त जातं.

किरणांची भीती अनेकांना वाटते. लहान मुलांसाठी कमी मात्रेची वेगळी पद्धत वापरतात, तीच वापरणार आहेत ना हे विचारा. आजच्या मशिनवर स्कॅन काही सेकंदांत होतो. त्यामुळे दूध पाजून, कपड्यात घट्ट गुंडाळून निजवलेल्या बाळाचा सीटी बऱ्याच ठिकाणी भूल न देताही होतो.

पायरी ७: शस्त्रक्रिया की वाट पाहणं

बाळाला श्वासाचा त्रास किंवा वारंवार संसर्ग असेल तर प्रश्न उरत नाही, शस्त्रक्रियाच करायची. बाळ अगदी ठणठणीत असेल तर मात्र जगभरच्या तज्ज्ञांतही दोन मतं आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

शस्त्रक्रियेच्या बाजूने तीन कारणं सांगितली जातात. सिस्टमध्ये कफ अडकून संसर्ग होतो आणि एकदा पू झाला की शस्त्रक्रिया अवघड होते, गुंतागुंत वाढते. लहान वयात उरलेलं फुप्फुस चांगलं भरून येतं, कारण नवे वायुकोश पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने तयार होतात. आणि काही थोड्या रुग्णांत या सिस्टमध्ये पुढे कर्करोग आढळतो, विशेषतः प्रकार १ मध्ये.

वाट पाहण्याच्या बाजूने असं म्हणतात की बऱ्याच मुलांना अनेक वर्षं काहीही होत नाही. मग निरोगी बाळाला भूल आणि छातीची शस्त्रक्रिया कशासाठी? लहानसा तुकडा असेल आणि तो हवेच्या नळीला जोडलेला नसेल, तर हे म्हणणं मला पटतं.

सीटीवर सीपॅम प्रकार ४ सारखी दिसणारी सिस्ट प्रत्यक्षात प्ल्यूरोपल्मनरी ब्लास्टोमा नावाची बालपणीची कर्करोगाची गाठ असू शकते, आणि नुसत्या चित्रावरून फरक करणं कठीण असतं. पुढच्या खुणा असतील तर थांबू नये: सिस्ट दोन्ही बाजूंना किंवा अनेक ठिकाणी आहेत, बाळाला न्यूमोथोरॅक्स झाला, गर्भात काहीच दिसलं नव्हतं आणि नंतर सिस्ट आली, किंवा कुटुंबात लहान वयात फुप्फुस, किडनी, थायरॉइड वा अंडाशयाच्या गाठी आहेत. अशा घरांत डायसर-१ या जनुकाची तपासणी करतात. महाधमनीतून वेगळी वाहिनी येत असेल तर ही गाठ असण्याची शक्यता कमी होते.

शस्त्रक्रिया ठरली तर त्रास नसलेल्या बाळाची ती बहुधा ३ ते १२ महिन्यांच्या दरम्यान करतात. वाट पाहायचं ठरलं तर ते लेखी ठरवा: पुढची भेट कधी, पुढचा स्कॅन कधी, कोणत्या लक्षणाला कोणाला फोन करायचा. तारखा लिहिलेल्या नसतील तर बाळ मोठं होता होता हे मागे पडतं.

पायरी ८: शस्त्रक्रिया

सर्वसाधारणपणे सिस्ट असलेला पूर्ण खंड काढतात. उजव्या फुप्फुसाला तीन आणि डाव्याला दोन खंड असतात, त्यातला एक जातो. काही केंद्रं फक्त बाधित भाग काढतात. त्यात निरोगी फुप्फुस जास्त वाचतं, पण सिस्टचा अंश मागे राहण्याची आणि हवा गळण्याची शक्यता वाढते. दुर्बिणीने केलं तर व्रण लहान राहतो, दुखणं कमी होतं, आणि पुढे छातीचा आकार किंवा पाठीचा कणा वाकण्याचा धोकाही कमी होतो. मात्र अनुभव असलेल्या हातांनीच ती करावी. तुमच्या शल्यचिकित्सकांनी अशा बाळांच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारण्यात संकोच करू नका. आधी संसर्ग होऊन गेला असेल तर छाती उघडून करणं जास्त सुरक्षित ठरू शकतं.

भूलतज्ज्ञांचं काम इथे शल्यचिकित्सकाइतकंच नाजूक असतं. जास्त दाबाने हवा दिली तर सिस्ट फुगते, म्हणून सुरुवात सांभाळून करतात आणि नायट्रस ऑक्साइड टाळतात. उपाशी ठेवण्याचे सर्वसाधारण नियम असे: वरचं दूध ६ तास आधी आणि आईचं दूध ४ तास आधी बंद. पण तुम्हाला दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. त्याआधीच्या दिवसांत सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लपवू नका. तारीख पुढे ढकलली तरी चालते.

शस्त्रक्रियेनंतर छातीत एक नळी असते आणि ती हवा व पाणी बाहेर काढते. बाटलीत बुडबुडे यायचे थांबले आणि एक्स-रेवर फुप्फुस पसरलेलं दिसलं की बहुधा एक ते तीन दिवसांत ती काढतात. दुखण्यासाठी औषधं वेळेवर द्यायला सांगा. दुखत असलेलं बाळ खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग कफ साठतो. काढलेला खंड पॅथॉलॉजीकडे जातो. अंतिम निदान त्या रिपोर्टवरच ठरतं, म्हणून तो हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.

पायरी ९: घरी आल्यावर

ताप, वाढता श्वास, जखम लाल होणं किंवा त्यातून पू येणं दिसलं तर त्याच दिवशी परत जा. जखमेजवळची त्वचा फुगली आणि दाबल्यावर चुरचुर लागली तर आतून हवा गळत असू शकते, तेव्हाही लगेच जा. श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तो वेगवान समजा.

लसी वेळेवर द्या, विशेषतः न्यूमोकोकल, हिब, डांग्या खोकला आणि फ्लू. घरात धूम्रपान पूर्ण बंद ठेवा. वाढत्या वयात पाठीचा कणा आणि छातीचा आकार तपासून घ्या. एक खंड काढलेली बहुतेक मुलं पुढे इतर मुलांसारखीच धावतात आणि खेळतात.

शस्त्रक्रिया झालेली नसेल आणि मोठी सिस्ट असेल तर विमानप्रवासाआधी डॉक्टरांना विचारा. हवेचा दाब कमी झाला की अडकलेली हवा प्रसरण पावते.

निदान उशिरा झालेली मुलं

गर्भात काही दिसलंच नाही, आणि मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो आहे, असंही घडतं. दर वेळी अँटिबायोटिक दिलं जातं, मूल बरं होतं आणि एक्स-रे कुठेतरी हरवतो. असं असेल तर सगळे जुने एक्स-रे एकत्र करून शेजारी शेजारी लावून पाहायला सांगा. न्यूमोनिया दर वेळी त्याच जागी असेल तर सीटी स्कॅनबद्दल बोलायलाच हवं. बरं झाल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी घेतलेला एक्स-रेही उपयोगी पडतो, कारण त्यात डाग तसाच राहिला असेल तर कारण शोधावं लागतं.

पुढचं बाळ

सीपॅम किंवा सिक्वेस्ट्रेशन सहसा घराण्यात उतरत नाही आणि पुढच्या गरोदरपणात पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असते. पॅथॉलॉजीत ब्लास्टोमा निघाला किंवा डायसर-१ मध्ये बदल सापडला, तरच आई-बाबा आणि भावंडांची तपासणी लागते, आणि पुढच्या बाळाआधी जनुकतज्ज्ञांची भेट घ्यावी. बाकीच्या घरांनी पुढच्या वेळी १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी नेहमीप्रमाणे करावी आणि मागच्या बाळाचा इतिहास तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगावा.